बाळंतिणीच्या खोलीतली कुंडी

यंदा आषाढात सून नाशिकहून बाळंत होऊन सुरगाण्याला घरी आली, तिच्यासोबत दोन कुंड्याही आल्या. मुलाच्या मित्रांनी दिलेल्या. "बाबा, ह्यांनी खोलीतली हवा शुद्ध होते," मुलगा म्हणाला. एक बारीक लांब पातीची, तिला स्पायडर प्लांट म्हणतात. दुसरी रुंद पानांची, हिरव्यावर पांढरे शिंतोडे. नाव विचारलं तर मोबाइलवर बघून म्हणाला, डिफेनबाखिया.

नावाचं मला काय कळणार? पण देठ बघून थबकलो. अळूच्या भावकीतलं दिसलं. कच्चं अळू घशाला खाजतं, कारण त्यात डोळ्यांना न दिसणारे सुईसारखे खडे असतात. ह्यातही तेच. इंग्रजीत ह्याला 'डंब केन' म्हणतात, म्हणजे मुका ऊस. चावला तर जीभ सुजते, बोलणं बंद होतं. हे मुलानंच मोबाइलवर वाचून दाखवलं आणि गप्प झाला. थोरला नातू तीन वर्षांचा, दिसेल ते तोंडात घालतो.

मला 1986 चा पावसाळा आठवला. बायको पहिलटकरीण. नदीला पूर, दवाखान्याची वाट बंद. सुईणीनं तिच्या कमरेला कळलावीचा कंद बांधला. श्रावणात आमच्या रानात ही वेल लाल-पिवळ्या फुलांनी पेटल्यासारखी दिसते. कंद नांगरासारखा, म्हणून संस्कृतात लांगली. कळा आणते म्हणतात, म्हणून कळलावी. मुलगी झाली. सुईणीनं कंद सोडून कोपऱ्यात ठेवला नि आम्ही सगळे बाळाकडे बघत राहिलो. चार वर्षांचा पुतण्या तिथंच. आमच्याकडं पावसाळ्यात रानातले कंद उकडून खायची रीत, त्याला वाटलं हाही तसलाच. माझ्या आईनं बोट घालून तोंडातून तुकडा काढला. कळलावीच्या कंदानं माणूस मरतो. गिळला नव्हता, पण ती रात्रभर दिवा न विझवता त्याला मांडीवर घेऊन बसली. आज तो दोन पोरांचा बाप आहे, त्याला काही आठवत नाही. मला आठवतं.

रुंद पानाची कुंडी मी उचलली. गोठ्यामागं टाकली तर शेळ्या खातील, म्हणून हाताला पिशवी गुंडाळून झाड खड्ड्यात पुरलं. स्पायडर प्लांट विषारी नाही, पण त्याच्या ताटलीत पाणी साठलं की डास. तीही ओट्यावर ठेवली.

हवेचं म्हणाल, तर अमेरिकेच्या नासानं 1989 साली हवा शुद्ध करण्याचे प्रयोग केले ते बंद पेटीत. आमच्या बायकोनंही खोलीची पेटीच केली होती म्हणा! खिडकीला गोणपाट, आत शेगडी, वर ओव्याची धुरी. आत गेलं की डोळ्यांतून पाणी.

कुंड्या गेल्यावर सून हळूच म्हणाली, "बाबा, हवेसाठी नव्हत्या त्या. खिडकी बंद असते ना, मला काहीतरी हिरवं बघायचं होतं."

ह्यावर बायकोशी दोन दिवस बोलणं झालं. वारा लागेल, बाळंतरोग होईल, आमच्या वेळी असं नव्हतं. मी म्हटलं, आमच्या वेळी काय काय होतं ते तुलाही माहीत आहे. मग ती गप्प झाली. शेगडी ओट्यावर गेली, दिवसा गोणपाट निघालं. खिडकीबाहेर मी गवती चहा आणि तुळस लावली. त्यापलीकडं आमचं नागलीचं वावर. लावणीला कोण वाकलं आणि कोण नुसतं बांधावर उभं होतं, ते सून संध्याकाळी बरोबर सांगते. काल माझंच नाव सांगितलं.