छत्तीस बारांचं मोकळं रान

पियानोवर मुक्त वाजवणं सॅक्सोफोनपेक्षा अवघड, असं मी म्हणालो की सॅक्सोफोनवाले मित्र हसतात. हसू देत. त्यांना सूर हवा तसा वाकवता येतो. आमची पट्टी ट्यूनरने लावून दिली तशीच राहते. शिवाय डाव्या हाताने एक कॉर्ड दाबली, की सगळ्या बँडला हद्द आखून मिळते. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने १९५९ च्या 'द शेप ऑफ जॅझ टू कम'मध्ये पियानोच घेतला नाही, त्याचं एक कारण मला तरी इथेच दिसतं.

गंमत म्हणजे आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या हिलक्रेस्ट क्लबमध्ये कोलमन ज्या बँडमध्ये वाजवत होता, तो एका पियानिस्टचा होता. पॉल ब्ले, जन्म १९३२, गाव माँट्रियल. विशीत चार्ली पार्करबरोबर वाजवलेला, म्हणजे बीबॉप हातात पक्कं बसलेलं. कोलमनची मोकळीक त्याने अगदी जवळून ऐकली आणि ती पियानोवर कशी आणायची याचा ध्यास घेतला.

त्याचं उत्तर १९६३ च्या 'सॉनी मीट्स हॉक!' या रेकॉर्डवर आहे. नावात सॉनी रॉलिन्स आणि कोलमन हॉकिन्स हे दोन टेनर सॅक्सोफोनचे दिग्गज, पियानोवर ब्ले. गाणं 'ऑल द थिंग्ज यू आर', चाल जेरोम कर्नची. १९३९ साली ब्रॉडवेवर ज्या नाटकासाठी ती बांधली, ते ५९ प्रयोगांत गुंडाळलं. गाणं मात्र जॅझवाल्यांनी सोडलं नाही. कारण त्याची बांधणी. नेहमीच्या बत्तीसऐवजी छत्तीस बार: आठ, आठ, आठ आणि शेवटी बारा. तेवढ्यात स्वरकेंद्र ए-फ्लॅटवरून सी, मग ई-फ्लॅट, जी, ई असं फिरून परत ए-फ्लॅटवर येतं. आपल्याकडे गवयाचा षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. इथे षड्जच मुक्काम बदलत जातो, आणि वादकाने तरीही रस्ता चुकायचा नाही.

ब्लेच्या सोलोत डावा हात विरळ होतो. उजव्या हाताची ओळ कॉर्डला तिरकी सुरू होते, अपेक्षेपेक्षा उशिरा घरी येते, कधी येतच नाही. पुढच्या कॉर्डच्या हद्दीत शिरून तिथेच वाक्य संपवते. खाली बास आणि ड्रम गाण्याची चौकट धरून चालत राहतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल, पियानोवाला भलत्याच स्वरात गेला. पण प्रत्येक वाक्याला सुरुवात आहे, श्वास आहे, आधीच्या वाक्याशी नातं आहे. ते गाताही येतं. गिटारवादक पॅट मेथीनी या सोलोला किती मानतो, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे.

म्हणून 'थोडं स्वातंत्र्य, थोडी शिस्त' असा हिशेब मला पटत नाही. ब्ले दोन्ही पुरेपूर घेतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच गाणं देतो आणि डावा हात मांडीवर ठेवायला लावतो. बास नाही, ड्रम नाही, फक्त उजव्या हाताची एक ओळ. आपण कितव्या बारवर आहोत हे ऐकणाऱ्याला त्या ओळीवरून कळलं पाहिजे. ते जमल्यावरच कॉर्डबाहेरचे सूर. आधी बाहेर पडणाऱ्यांचं वादन मला मुक्त वाटत नाही, नुसतं बेपत्ता वाटतं.

पियानिस्ट कीथ जॅरेटच्या १९७५ च्या कोलन मैफलीबद्दल लोक हटकून विचारतात. ती मोठीच आहे, पण तिथे आधी ठरलेलं गाणं नव्हतं. पहिल्या भागात जॅरेट बराच वेळ दोन कॉर्डच्या आवर्तनावर उभा राहतो आणि चौकट वाजवता वाजवता तयार करतो. तो वेगळा प्रश्न. ब्लेसमोर गाणं आयतं होतं, तेही हजारदा वाजवलेलं. माझ्या मते ते जास्त कठीण.

पुढे १९७२ मध्ये ऑस्लोत केलेल्या 'ओपन, टू लव्ह' या एकल रेकॉर्डवर पॉल ब्लेने कार्ला ब्लेने रचलेली 'आयडा लुपिनो' वाजवली. चाल अगदी साधी. एकेक सूर तो विरेपर्यंत थांबतो आणि मगच पुढचा ठेवतो.

ऐकायचं असेल तर आधी एला फिट्झगेराल्डने गायलेलं 'ऑल द थिंग्ज यू आर' चाल पाठ होईपर्यंत ऐका. मग रॉलिन्स-हॉकिन्सची रेकॉर्ड लावा आणि ब्लेचा सोलो सुरू झाला की मूळ चाल मनात गुणगुणत राहा. पहिल्या खेपेला चाल हातची सुटेल, पुन्हा लावा.