समुद्राचं कापड, अक्कलकोट रोडवरचं

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर एमआयडीसी लागते. तिथल्या यंत्रमागांवर विणलेला टर्किश टॉवेल परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यांवरही अंथरला जातो. विणणाऱ्यांच्या घरांत तेलुगू, कन्नड, मराठी अशा तिन्ही भाषा नांदतात आणि समुद्र शेकडो किलोमीटर लांब असतो. सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बीचवेअर म्हटलं की डोळ्यांपुढे पोहण्याचा पोशाख येतो. पण किनाऱ्यावर गेलेला माणूस पाण्यात थोडा वेळ असतो. उरलेला सगळा वेळ तो काहीतरी पांघरून, गुंडाळून किंवा अंथरून बसलेला असतो. तो वेळ सोलापूरचा आहे.

पोहण्याच्या पोशाखाचं कापड प्रयोगशाळेतून आलं. ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये इलॅस्टेनचा धागा शोधला आणि नायलॉनच्या कापडाला ताणलं जाण्याचा गुण मिळाला. अलीकडे टाकाऊ मासेमारी जाळ्यांपासून पुन्हा तयार केलेलं नायलॉन त्यात आलं आहे. सुती मागवाल्याने या शर्यतीत उतरण्याचं कारण नाही.

लूपदार टॉवेल यंत्रावर आला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. हेन्री ख्रिस्ती हा इंग्रज प्रवासी तुर्कस्तानातलं हाताने विणलेलं लूपदार कापड पाहून आला. सॅम्युअल होल्टने त्यासाठी यंत्र जुळवलं आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हे टॉवेल मांडले गेले. युक्ती तीच आजही चालते. मागावर दोन बीम असतात. एका बीमचा ताणा घट्ट, ते कापडाचं अंग. दुसऱ्याचा सैल, त्याचे लूप. फणी बाण्याचे दोन धागे मुद्दाम थोडे मागे ठेवते, तिसरा आला की तिन्ही एकदम ठोकते आणि सैल ताणा वर उभा राहतो. मागे ठेवलेल्या त्या अंतरावर लूपची उंची ठरते.

डिझायनरचं सगळं स्वातंत्र्य आणि सगळी बंधनं इथेच आहेत. जेकार्डवर दोन रंगांचे लूप-ताणे घेतले, की एक रंग वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. पुढे निळ्यावर पांढरा मासा, तर मागे पांढऱ्यावर निळा. नक्षीला ही अदलाबदल शोभते, अक्षरं मात्र मागून उलटी दिसतात. बारीक वळणं लूपमध्ये पायऱ्यापायऱ्यांची होतात, म्हणून मोठं पान, जाड लाट, रुंद पट्टा हेच आकार उठून दिसतात. चादरीवर मोर उतरवत आलेल्या गावाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हॉटेलांच्या तलावांवर दिसणारा पांढरा-निळा रुंद पट्टा तर जेकार्डशिवायही निघतो. बीमवर रंगीत धागे ओळीने लावले की झालं. फॅशन कितीही बदलली तरी हा पट्टा टिकून आहे, याचं एक कारण त्याच्या या सोपेपणात आहे.

फोटोसारखं चित्र हवं असेल तर एका बाजूचे लूप कापून ती मखमली करतात आणि त्यावर छापतात. या वेलूरला मागणी मोठी. पण कापलेला लूप पाणी कमी टिपतो. अंग पुसायला मागचीच बाजू लागते.

रंगाची परीक्षाही किनाऱ्यावर कडक. आयएसओच्या १०५ मालिकेत समुद्राच्या पाण्यासाठी वेगळी चाचणी आहे, पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनसाठी वेगळी आणि उजेडासाठी वेगळी. धुण्यात पक्का ठरलेला रंग या तिन्हींत उतरेलच असं नाही, आणि खोलीत जपून ठेवलेल्या नमुन्यावरून ते कळत नाही.

याहून मोठा प्रश्न वाळण्याचा. अक्कलकोटच्या गच्चीवर एप्रिलमध्ये जाड टॉवेलही बघता बघता कडकडीत होतो. तोच टॉवेल गणपतीपुळ्याला दमट राहतो, कारण हवाच दमट असते. शिवाय कापडात उरलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेत राहतं. आपल्या बाजारात गिऱ्हाईक टॉवेल मुठीत दाबून पाहतं आणि जाडीवरून दर्जा ठरवतं. आंघोळीच्या टॉवेलला ही कसोटी ठीक आहे. किनाऱ्यासाठी ती उलटी करायला हवी, असं हे लिहिणाऱ्याचं ठाम मत आहे. उंच लूपमध्ये वाळू अडकते आणि ओला टॉवेल पिशवीत ओझं होतो. पॉलिएस्टर मायक्रोफायबरने बाजार मारला तो याच दोन मुद्द्यांवर. पण धुताना त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात आणि ते शेवटी समुद्रातच पोहोचू शकतात.

हलक्या सुती कापडाचं उत्तर जुनंच आहे. तुर्कस्तानातलं पेश्तेमाल हे बिनलुपाचं सपाट कापड गेल्या काही वर्षांत जगभरच्या किनाऱ्यांवर पसरलं. घडी लहान, वाळणं लवकर, वाळू एका झटक्यात साफ. आपला पंचा याहून वेगळा काय आहे? अक्कलकोटला वटवृक्ष मंदिराच्या दर्शनाला येणारा माणूस आंघोळीला पंचाच नेतो, पण त्याला किनाऱ्याचं कापड म्हणून कुणी काठ, रंग आणि लांबी देऊन पुढे आणत नाही. गोव्यात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीच्या लाल चौकड्यांकडे पुन्हा लक्ष वेधलं आणि साधं स्थानिक कापड रिसॉर्टवेअरच्या रांगेत मानाने बसवलं. तसा डोळा पंच्यावर पडायला हवा.

कपडे म्हणून टेरीही परतली आहे. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटात शॉन कॉनरी फिकट निळ्या टेरीचा अखंड पोशाख घालून तलावाकाठी वावरतो. तशा टेरीचे शर्ट आणि अर्ध्या चड्ड्या आज पुन्हा दिसतात. त्यांतलं बरंच कापड होजिअरीचं असतं. मागावरची टेरी ताणली जात नाही, शिलाई जाड होते, कापलेल्या कडेचे लूप सुटतात. म्हणून तिला काखा-गळ्याचे बारीक बेत मानवत नाहीत. सरळ कडांचा, कमी शिलाईचा, टोपी जोडलेला पोंचो मानवतो.

कोकणात बायका साडी नाहीतर पंजाबी ड्रेससकट समुद्रात उतरतात आणि ओल्या कपड्यांत गाडीपर्यंत चालतात. कपडे बदलायला आडोसा मिळतोच असं नाही. त्यांच्यासाठी गुडघ्याखाली उतरणारा, आत कपडे बदलता येतील इतका घेरदार पोंचो हवा. वजन चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास, लूप बुटका, बाजू शिवण्याऐवजी नाडीने बांधायच्या, काठ पंच्याचा. रंग गडद, म्हणजे ओलं झाल्यावर आरपार दिसणार नाही.