पानावर दिसतो, कोडला दिसत नाही

भोसरीच्या एका कारखान्याने आपल्या पुरवठादारांसाठी करून घेतलेली ती वेबसाइट. व्हिज्युअल स्टुडिओ २००५ मध्ये, सी शार्पमध्ये लिहिलेली. चालत होती, त्यामुळे तिला हात लावायला कुणी धजावलं नव्हतं. सर्व्हर बदलायचा ठरला तेव्हा तिचा ‘वेबसाइट’ प्रोजेक्ट ‘वेब ॲप्लिकेशन’ प्रोजेक्टमध्ये न्यायचं काम आमच्या पुण्यातल्या टीमकडे आलं. फाइली नव्या प्रोजेक्टमध्ये घेतल्या, बिल्ड दिलं आणि एरर लिस्ट भरून वाहू लागली. बहुतेक ओळींवर एकच नंबर: सीएस०१०३. म्हणजे, या नावाचं इथे काहीच नाही.

आता, नाव तर समोर दिसत होतं. पुरवठादाराचं नाव भरायचा टेक्स्टबॉक्स मार्कअपमध्ये होता, त्याला ‘रनॅट सर्व्हर’ लावलेलं होतं, आयडीही अक्षर न् अक्षर जुळत होता. मग बिनसलं कुठे?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. व्हिज्युअल स्टुडिओ २००३ मध्ये पानावर कंट्रोल टाकला की त्याचं डिक्लेरेशन थेट कोड-बिहाइंड फाइलमध्ये यायचं. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पार्शल क्लास आणला आणि वेबसाइट प्रोजेक्टमधून प्रोजेक्ट फाइलच काढून टाकली. डिक्लेरेशन लिहायची गरज उरली नाही. पान कम्पाइल होताना एएसपी डॉट नेट ती स्वतःच तयार करू लागलं. जुने मोठे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना हे मानवलं नाही. शेवटी २००६ मध्ये वेब ॲप्लिकेशन प्रोजेक्ट परत आला, आधी ॲड-ऑन म्हणून, मग सर्व्हिस पॅक १ मध्ये. त्यात डिक्लेरेशनं ‘डिझायनर’ नावाच्या तिसऱ्या फाइलमध्ये राहतात. आमच्या जुन्या साइटमध्ये ही तिसरी फाइल कधी नव्हतीच. एरर शेकडो, दुखणं एक.

टीममधल्या एका उत्साही मुलाने डिक्लेरेशनं हाताने टाइप करायला घेतली. बिल्ड पास झालं. पान उघडलं तर पिवळ्या पट्ट्यांचं ते ओळखीचं एरर पान, ‘ऑब्जेक्ट रेफरन्स’वालं. त्याने फील्ड ‘प्रायव्हेट’ ठेवले होते. मार्कअपमधून तयार होणारा क्लास आपल्या क्लासपासून वारसा घेतो. त्याला ‘प्रोटेक्टेड’ फील्ड दिसतो, प्रायव्हेट दिसत नाही. मग तो स्वतःचा वेगळा टेक्स्टबॉक्स करतो आणि आपला फील्ड रिकामाच राहतो. कम्पायलरला गप्प केलं, एवढंच.

खरा उपाय एका कमांडमध्ये आहे: ‘कन्व्हर्ट टू वेब ॲप्लिकेशन’. ही कमांड डिझायनर फाइल तयार करते आणि पानाच्या पहिल्या ओळीतलं ‘कोडफाइल’ बदलून ‘कोडबिहाइंड’ करते. आम्ही ती एकेका फोल्डरवर चालवली. यादी झपाट्याने आटली.

उरलेल्या एररनी मात्र घाम फोडला. ॲडमिनच्या आणि पुरवठादारांच्या फोल्डरमध्ये एकाच नावाचा क्लास निघाला. कुणीतरी कधीकाळी एक्सप्लोररमधून पान कॉपी करून आतलं क्लासचं नाव तसंच सोडलं होतं. वेबसाइट प्रोजेक्टमध्ये फोल्डर वेगवेगळे कम्पाइल होतात, म्हणून ते खपून गेलं. नव्या प्रोजेक्टमध्ये सगळ्या कोडची एकच डीएलएल. दोन्ही क्लास पार्शल असल्याने कम्पायलरने त्यांना एकच मानलं आणि पेज लोड दोनदा लिहिलंय म्हणून ओरडला.

त्यावर उपाय म्हणून एकाने कोड-बिहाइंडमध्ये नेमस्पेस घातला, आणि सीएस०१०३ पुन्हा हजर! मार्कअपमधल्या ‘इनहेरिट्स’मध्ये जुनंच नाव होतं. डिझायनर फाइल ते नाव धरून बनते, त्यामुळे क्लासचे दोन तुकडे दोन नेमस्पेसमध्ये पडले होते. ‘इनहेरिट्स’ दुरुस्त करून डिझायनर फाइल काढून टाकली, कमांड पुन्हा दिली, तेव्हा मिटलं. माझ्या मते असा एरर आला की कोड वाचण्याआधी पानाची पहिली ओळ वाचावी. निम्म्या भानगडी तिथेच सापडतात.

हे काम तुमच्या वाट्याला आलं, तर हिरव्या बिल्डवर विसंबू नका. वेब ॲप्लिकेशनचं बिल्ड फक्त सी शार्पचा कोड तपासतं. मार्कअपमधल्या चुका ते पान कुणीतरी उघडल्यावरच कळतात. सर्व्हरवर टाकण्याआधी सगळी पानं एकदा प्रीकम्पाइल करून घ्या.