सनद आणि सरकारपक्ष

भंडारा जिल्ह्यातील तुमसरजवळचा आंबागडचा किल्ला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण याने सन 1700 च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या हाती आला आणि त्याचा बंदिखाना झाला. आतल्या विहिरीचे विषारी पाणी पाजून कैद्यांचा शेवट करीत, असे या भागात अद्याप सांगतात. आख्यायिकेची शहानिशा इतिहासकारांनी करावी. परंतु आपल्यावर आरोप कोणाचा, पुरावा कोणता आणि कैफियत मांडायची कोणापुढे, हे ज्याला कधी कळलेच नसेल अशा बंदिवानाचा विचार मनात आला, की फौजदारी न्यायालयातील दोन्ही बाजूंच्या वकिलांविषयी एरवी वाटणारा कंटाळा काहीसा ओसरतो.

या दोन बाजूंपैकी सरकारी बाजूचा वकील नोकरी सोडून किंवा निवृत्त होऊन खाजगी वकिली करू लागला, की त्याच्याविषयी गावात कुजबुज सुरू होते. कालपर्यंत जो पंचनाम्याचे समर्थन करीत होता, तोच आज पंचांच्या उलटतपासणीला उभा राहतो, हे लोकांना फितुरीसारखे वाटते. या समजुतीच्या मुळाशी दुसरी एक समजूत आहे: सरकारी वकिलाचे काम म्हणजे आरोपीला शिक्षा मिळवून देणे. कायद्याला ते मान्य नाही. शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या 1999 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की येनकेन प्रकारेण आरोपीला दोषी ठरवण्याची आस सरकारी वकिलाने धरू नये आणि आरोपीच्या हिताची बाब नजरेस आली तर ती दडवू नये. फिर्यादीने नेमलेल्या खाजगी वकिलाकडून असे ताटस्थ्य अपेक्षिता येत नाही, म्हणूनच सत्र न्यायालयात त्याने सरकारी वकिलाच्या देखरेखीखालीच काम करावयाचे. जिंकण्याची इच्छा ज्याला निषिद्ध, असा वकील! पगार तुटपुंजा आणि दप्तर डोक्याएवढे, ही तक्रार मी समजू शकतो. पण या पेशातील खरे तप तेथे नसून या निषेधात आहे, असे माझे मत आहे.

हे तप ज्याने केले, त्याचे पक्षांतर कशाला म्हणायचे? ज्या खटल्यात एका पक्षाला सल्ला दिला त्याच खटल्यात दुसऱ्याचे वकीलपत्र घेऊ नये, एवढे बंधन त्याने पाळले म्हणजे पुरे. मुंबईचे चंद्रकिशन दफ्तरी यांनी 1948 मध्ये लाल किल्ल्यातील गांधीहत्येच्या खटल्यात सरकारपक्ष चालवला, पुढे सॉलिसिटर जनरल आणि अॅटर्नी जनरल ही पदे भूषविली, आणि नंतर ते सर्वोच्च न्यायालयाच्या वकीलसंघाचे अध्यक्षही झाले. त्यांना कोणी फितूर म्हटल्याचे ऐकिवात नाही. तालुक्याच्या वकिलाला मात्र ही सवलत मिळत नाही.

खाजगी वकील सरकारपक्षाकडे येण्याचा उलटा प्रवाहही आमच्या जिल्ह्याने पाहिला. 29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, आणि तो खटला चालवण्यास जळगावचे अॅडव्होकेट उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील म्हणून नेमले गेले. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने 2008 मध्ये आठ जणांना दोषी ठरवले, सहांना फाशी सुनावली, तिघांना सोडले. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप मात्र टिकला नाही, आणि ही उणीव मला आजही बोचते. तथापि तिच्यावर आपण वाद घालू शकतो, कारण जबान्या, उलटतपासणी आणि निकालाची कारणे हे सर्व लेखी दप्तरात आहे. आंबागडच्या बंदिवानांचे असे काहीच नाही.

तपासाची वीण कोठे विरळ असते, कोणती जबानी मागाहून पढवलेली असते, हे निवृत्त सरकारी वकिलाइतके कोणास ठाऊक? हे ज्ञान आज बहुधा ऐपतदार अशिलांच्या कामी येते. ज्याच्याजवळ वकील देण्यास पैसा नाही, त्याला शासनाच्या खर्चाने वकील मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रणाही उभी केली आहे. सेवेतून मोकळ्या होणाऱ्या सरकारी वकिलांनी खाजगी कचेरी खुशाल थाटावी. पण तुमसर-मोहाडीच्या एखाद्या निर्धन आरोपीचे वकीलपत्रही वर्षाकाठी आपण होऊन मागून घ्यावे, एवढी त्यांना विनंती आहे.