पितळेचे सूक्ष्मदर्शक



पितळ म्हटले की तुम्हाला समई, तांब्या, नाहीतर देवळातली घंटा आठवेल. माझ्या टेबलावर पितळेचीच आणखी एक वस्तू आहे. जुने सूक्ष्मदर्शक यंत्र! पुण्याच्या जुन्या बाजारात मला ते मिळाले. बनवणाऱ्याचे नाव त्यावर नाही. पण ते अजून झकास चालते.

खाली घोड्याच्या नालासारखा जड पाय आहे, म्हणून ते डगमगत नाही. खांबाला बिजागरी आहे. तिच्यामुळे यंत्र आपल्याकडे कलते करता येते, मान दुखत नाही. नळीच्या वरच्या टोकाला डोळा लावायचे भिंग, खालच्या टोकाला वस्तूजवळचे भिंग. सर्वांत खाली आरसा. त्याची एक बाजू सपाट, दुसरी खोलगट. तो खिडकीकडे वळवला की उजेड काचपट्टीतून वर येतो. वीज गेली तरी अडत नाही, हे आपल्या गावाला सोयीचेच!

पण खरी गंमत स्क्रूंमध्ये आहे. उसाच्या चरकाची दातेरी चाके तुम्ही पाहिली आहेत ना? इथेही मोठी मूठ फिरवली की आतले छोटे दातेरी चाक नळीच्या पाठीवरच्या दातेरी पट्टीवर चालते आणि नळी वर-खाली होते. एवढ्याने चित्र दिसते, पण पुसट. मग दुसरा लहान स्क्रू हळूच फिरवायचा. त्याचे आटे फार बारीक असतात, त्यामुळे नळी जेमतेम केसभर सरकते. आतली स्प्रिंग तो भाग सतत दाबून धरते, म्हणून उलटे फिरवतानाही ढिलेपणा येत नाही.

हे स्क्रू जपावे लागतात. रोनाल्ड रॉस नावाचे डॉक्टर १८९७ साली सिकंदराबादला अशाच यंत्राने डास तपासत होते. उकाडा भयंकर, पण पंखा हलवला तर डास उडून जातील! घाम गळून त्यांच्या यंत्राचे स्क्रू गंजले, शेवटचे उरलेले डोळ्याकडचे भिंगही तडकलेले होते. तरी २० ऑगस्टला डासाच्या पोटात त्यांना हिवतापाचे जंतू सापडले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता चौथीच्या मुली माझ्या मागे लागल्या आहेत. "गुरुजी, चिंच लावून घासतो की! समईसारखे लख्ख होईल." मी साफ नाही म्हटले आहे. या पितळेवरची सोनेरी झाक लाखेची आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे किडे लाख करतात. ती स्पिरिटमध्ये विरघळवून गरम पितळेवर ब्रशाने लावत. विलायतेला लाख बरीचशी आपल्याच देशातून जाई. चिंचेने तो थर निघेल, आंबट पाणी दातेरी पट्टीत शिरेल आणि मातीचे कण दाते झिजवतील. मुली म्हणतात, काळे डाग वाईट दिसतात. दिसू देत! मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपायची, बस्स.

येत्या शनिवारी कांदा पाहायचा आहे. आतला ओलसर, पातळ पापुद्रा आणा, वरचे वाळके टरफल नको. नळी खाली आणताना बाजूने बघायचे. मग डोळा लावून ती फक्त वर न्यायची, म्हणजे भिंग काचेवर आपटत नाही. आणि हात धुऊन, कोरडे पुसून या. घामेजल्या हाताला स्क्रू मिळणार नाही!

— तुमचे गुरुजी