पायी चालणाऱ्याचा रस्ता

खानदेशच्या इतिहासात रस्त्याचा प्रश्न प्रतिष्ठेच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. 23 ऑक्टोबर 1929 रोजी बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावी उतरले. महारवाडा स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. परंतु आपल्या नेत्याने पायी यावे, हे लोकांना प्रशस्त वाटेना. टांगेवाले तर अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. अखेर टांगा भाड्याने घेऊन एका अननुभवी बांधवाने तो हाकला. कठडा नसलेल्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

इतिहास शिकविताना आम्हांला यातील दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पायी चालणे कमीपणाचे ठरले होते, आणि पूल माणसाच्या जिवाची काळजी घेऊन बांधलेला नव्हता. आज टांग्याची जागा मोटारीने घेतली आहे. मुलगा नोकरीला लागला की दारात गाडी येते. ज्यांना वाहन नाकारले गेले, त्यांच्या नातवंडांचा हा आनंद आम्ही जाणतो. परंतु ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने कोठून चालावे? जळगाव शहरातून राष्ट्रीय महामार्ग जातो. त्यावरील अपघातांमुळे नागरिकांना समांतर रस्त्यांसाठी आंदोलने करावी लागली. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतील मुलींना सायकली मिळतात. पण त्या ट्रकांच्या शेजारून चालवाव्या लागतात.

संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाटांबरोबर रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. हा हक्क बजावायला रस्त्यावर जागाही हवी.

म्हणून मुख्य रस्त्यापासून वेगळी, कडुनिंबाच्या सावलीची, पायी, सायकलीने आणि अपंगांच्या तीनचाकीने जाता येईल अशी वाट शासनाने खर्च करून बांधावी, असे आम्हांला वाटते. मेहरूण तलावाकाठी लोक पहाटे फिरतात. तशी वाट शाळा, बाजार आणि बसस्थानकापर्यंत पोहोचली, तर जवळच्या कामाला गाडी काढावी लागणार नाही. बाबासाहेबांच्या 1937 मधील वास्तव्याच्या स्मरणार्थ दरवर्षी 31 जुलैला अनुयायी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतात. धुळ्यापासून तेथवर अशी वाट झाली, तर ती वर्षभर आसपासच्या गावांच्याही उपयोगी पडेल.

आपले माजी विद्यार्थी आज अभियंते, नगरसेवक, ग्रामपंचायत सदस्य आहेत. रस्तारुंदीकरणाचा प्रस्ताव समोर येईल, तेव्हा चालणाऱ्यासाठी किती फूट राखले, हे त्यांनी विचारावे आणि उत्तर आराखड्यात लिहून घ्यावे.