चुकायला लागल्यानंतर

पालकांना मी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: तुमचं मूल आज चुकणार आहे. ते किती का हुशार असेना, चुकेपर्यंत मी थांबणार नाही. बुद्धिमापनाच्या बिने-कामत कसोटीत वयानुसार प्रश्नांचे गट असतात. ज्या गटातलं सगळं येतं तिथून पाया धरायचा आणि ज्या गटातलं काहीच येत नाही तिथवर वर जायचं. म्हणजे माझ्यासमोरून प्रत्येक मूल उठतं ते हरूनच. सर्वसाधारण मुलाला यात नवल वाटत नाही. शाळेत त्याचं रोज काही ना काही चुकतच असतं. ज्याचं आजवर काही चुकलेलंच नाही, त्याच्या आयुष्यातला हा मात्र बहुधा पहिलाच प्रसंग असतो. मी पेन्सिल खाली ठेवून नीट बघायला लागते ती तेव्हा.

जयपूरच्या बनी पार्कात एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. आसपासच्या हवेल्यांची हॉटेलं झाली, तरी गल्ल्यांमधून दुपारची शांतता अजून टिकून आहे. सिंधी कॅम्पचा बसस्टँड जवळ, त्यामुळे सीकर-नागौरकडून येणाऱ्यांनाही सोयीचं पडतं. गैरसोय एकच, पतंगांची. संक्रांतीच्या आसपास मी कसोटी लावतच नाही. गच्च्यागच्च्यांवरून ‘वो काटा’ ऐकू येत असताना अंक उलटे म्हणून दाखवणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही, आणि असलंच तर त्याची मला काळजी वाटेल.

येणारे पालक आकडा मागतात. कोट्याच्या कोचिंगची सावली जयपूरवर आहेच. सहावीपासून ‘फाउंडेशन’चे वर्ग सुरू होतात आणि त्याआधी मुलाचा आयक्यू कळला तर बरं, असा हिशेब असतो. आता हा आकडा येतो कुठून, ते एकदा सांगायलाच हवं. १९०५मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने यांनी कसोटी रचली ती हुशार मुलं निवडायला नव्हेच. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत मिळावी म्हणून. आपल्याकडे १९३०च्या दशकात डॉ. वि. वि. कामत यांनी धारवाडला ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. पुढे १९६९मध्ये नागपूरला डॉ. मालिन यांनी वेक्स्लरच्या कसोटीचं भारतीय रूप केलं. देशभरातली कितीतरी हॉस्पिटलं आणि दवाखाने आजही या दोन कसोट्यांवर चालतात. मराठीचा हा वाटा मराठी माणसालाच फारसा ठाऊक नसतो.

पण जुन्या कसोटीचे मापदंडही जुने. जेम्स फ्लिन यांनी १९८४मध्ये अमेरिकेतले आकडे मांडून दाखवलं, की दर दशकाला सरासरी तीनेक गुणांनी समाजाची कामगिरी वर सरकत गेलीय. म्हणजे पणजोबांच्या पिढीशी तुलना करून पणतू ‘असामान्य’ ठरवायचा, तर त्यात पणतूचं कर्तृत्व किती, हा प्रश्नच आहे. शिवाय कामतांच्या कसोटीत मानसिक वयाला प्रत्यक्ष वयानं भागतात. पाच वर्षांच्या मुलानं सात वर्षांच्या मुलाचं काम केलं, की ७ भागिले ५, गुणिले १००, झाले १४०! दोनच वर्षांची आघाडी, आणि आजी फोनवर गावभर सांगायला मोकळी. तोच आकडा दहाव्या वर्षी हवा असेल तर चौदा वर्षांच्या मुलाइतकं यावं लागतं. नव्या पद्धतीच्या कसोट्यांत सरासरी १०० धरतात आणि १३०च्या वर शंभरातली साधारण दोन मुलं जातात. तिथेही आज १२८ आलेलं मूल महिन्याभरानं १३३ आणू शकतं. तेवढ्यावर कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं? कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी १९२१पासून दीड हजारांवर बुद्धिमान मुलं निवडून आयुष्यभर अभ्यासली. त्या निवडीत तपासून नाकारलेल्या दोन मुलांना, विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ यांना, पुढे नोबेल मिळालं. निवडलेल्यांत ते कुणालाच मिळालं नाही.

पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. पुढे तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी एका आकड्यावर न थांबता बुद्धीचे वेगवेगळे पैलू तपासायची वाट धरली. ती मला पटते. पण तेवढ्या कसोट्या एका मुलाला, एका खोलीत, एका सकाळी लावता येत नाहीत. म्हणून मी आधी आईवडिलांशी बोलते. दोन वर्षांचा असताना सगळ्या राजधान्या म्हणायचा, हे सांगून झालं की विचारते, “घरात भांडणं कशावरून होतात?” खरी माहिती तिथे सांडते. सापशिडीत आज सापानं वर चढायचं आणि शिडीनं उतरायचं असं ठरवून सगळ्यांना वेठीला धरणारं मूल. मुंगीचा पाय मोडला म्हणून रात्रभर न जेवलेलं मूल. वकिलासारखा वाद घालतं, पण बुटाची नाडी बांधता येत नाही म्हणून रडतं. पाठांतर शिकवता येतं, हे असलं काही कुणी शिकवलेलं नसतं. मुलींच्या बाबतीत मात्र हा प्रश्न निम्म्या वेळा वाया जातो, कारण त्या भांडतच नाहीत. वर्गात उत्तर ठाऊक असून हात वर न करण्याची कला त्यांना फार लवकर साधते. तसंही मुलींना माझ्याकडे आणतात ते कमीच.

दोन मुलांबद्दल लिहिते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. दोघं नऊ वर्षांचे. एक इथलाच, कॉलनीतला. ऑलिंपियाडची पदकं आईनं पिशवीतून आणली होती. दुसरा एका गलाईवाल्याचा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, हे मराठी वाचकाला सांगायला नको. याच्या बापाचं दुकान जोहरी बाजाराच्या मागल्या बोळात. “मॅडम, मास्तरीण म्हनत्यात ध्यान देत न्हाई. आन् दुकानात माजा हिशेब चुकला की लगी बोलतंय.” मी मराठीत बोलायला लागल्यावर मॅडमची ताई झाली.

कसोटीतले प्रश्न उघड करायचे नसतात, म्हणून दुकानातलाच प्रश्न सांगते. टंच म्हणजे धातूची शुद्धता, शेकड्यात. मी त्याला विचारलं, “नव्वद टंचाचं दहा ग्रॅम आणि पंच्याहत्तर टंचाचं वीस ग्रॅम एकत्र गाळलं तर?” कागद पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. “ऐंशी.” कसं? “मधी पंधरा हाईत. हलकं दुप्पट हाय, म्हंजे तिकडंच जास्त वडनार. पंधराचं तीन भाग केलं, एक भाग वर आलं.” गुणाकार नाही, मोठी बेरीज नाही, भागाकार एकच आणि तोही तोंडी. ही रीत बापानं शिकवली असेल म्हणून मी बापाकडे बघितलं. तो मोबाइलवर कॅलक्युलेटर उघडून बसला होता.

मग लाल-पांढऱ्या ठोकळ्यांचं काम. चित्र बघून तसंच ठोकळ्यांनी मांडायचं, वर घड्याळ. कॉलनीतल्या मुलाचे हात भराभर चालायचे आणि प्रत्येक आकृती झाली की तो माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. गलाईवाल्याच्या मुलानं दोन्ही हात मांडीखाली घेतले. चित्राकडे बघत राहिला, वेळ जात होता, आणि मग एकदा ठेवलेला ठोकळा उचलला म्हणून नाही.

पुढे दोघंही अडले. अडायलाच हवं होतं. पहिल्यानं ठोकळे हातानं सारले आणि म्हणाला, “ये सिलेबस में नहीं है।” मग पाणी, मग बाथरूम, मग पोटात दुखायला लागलं. दुसऱ्यानं विचारलं, “येळ संपली तरी करू का?” मी घड्याळ बाजूला ठेवलं. गुण मिळणार नव्हते, ते त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि बसला. दोनदा मोडलं. तिसऱ्यांदा सगळे ठोकळे कोपऱ्यावर उभे धरून बघितले, मग आकृती तिरकी आहे हे त्याला कळलं. गालातल्या गालात हसला तो माझ्याकडे न बघता.

आकड्यांत दोघांत अंतर थोडंच होतं. दोघंही वरच्या टोकाचे. पोटात दुखणारं मूल कमी प्रतीचं, असं कुणी समजू नये. पुढल्या वेळी घड्याळाशिवाय बसवल्यावर त्यानं मला थक्क केलं. पण नऊ वर्षं त्याला सतत सोपंच मिळालं होतं आणि सोप्याबद्दलच शाबासकी. मला काळजी वाटली ती त्याचीच. गलाईवाल्याच्या मुलाला कुणी शाबासकी दिलेलीच नव्हती, त्यामुळे ती जायची धास्तीही नव्हती. हा काही गरिबीचा गुण नव्हे, एवढंच की त्याच्या बाबतीत एक नुकसान व्हायचं राहिलं होतं.

जंतरमंतर इथून फार दूर नाही. ते बांधणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रातले, अशी परंपरा आहे. राजानं त्यांना अरबी-फारसी शिकायला लावलं, आणि त्यांनी अरबीतून युक्लिड आणि टॉलेमी संस्कृतात आणले. वेदविद्येत मुरलेल्या माणसापुढे परकी लिपी ठेवायची, म्हणजे त्याला पुन्हा चुकत चुकत वाचायला लावायचं. जयसिंहाला माणसाची पारख होती, असं मला वाटतं ते यावरून.

अहवाल दोन पानी. पहिल्यावर आकडे. दुसऱ्यावर मूल कसं काम करतं, कुठे अडतं, अडल्यावर काय करतं आणि शाळेनं काय करून बघावं. कॉलनीतल्या आईनं पहिल्या पानाचा तिथल्या तिथे फोटो काढला. गलाईवाले विचारत राहिले, आता याला कुठे घालू? बौद्धिक अक्षमतेच्या सरकारी दाखल्यासाठी हेच मापन लागतं, वरच्या टोकाच्या मुलासाठी कसलाच दाखला नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०२० साली या मुलांचा उल्लेख आला, पण याच्या चौथीच्या वर्गापर्यंत तो पोचायचाय. तूर्त शाळा तीच. वरच्या वर्गाचं गणित द्यावं म्हणून बाईंना पत्र, आणि घरी मराठी सोडू नका, एवढं सांगितलं.

“ह्ये कागूद शाळंत दावू न्हवं?”

“दुसरं पान दाखवा. पहिलं घरी राहू द्या.”

त्यांनी दोन्ही पानं उलटसुलट करून पाहिली. “मग ताई, पैलं दिलंच कशापायी?”